जुन्या जीपला मोठे टायर नि लॉकर: एक्सल शाफ्ट आणि क्राउन-पिनियन किती ताकदीचे घ्यावेत?

चाकोरीबाहेर

मंडळी, घरातली जुनी एमएम ५४० (महिंद्राची जीप) पूर्ण उघडून बांधायला घेतली आहे. चासी, पत्रा, वायरिंग झालं. आता खालचं काम सुरू करायचंय आणि तिथेच गाडं अडलंय.

इंजिन तेच जुनं प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, ते बदलायचं नाही. टायर सध्या २९ इंची, ते ३१ करायचे आहेत, पुढेमागे ३३ची हौस आलीच तर आली. मागच्या एक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) बसवणार हे नक्की. क्राउन-पिनियनचे (एक्सलमधली, फिरणं चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) दात मोजले: ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. वापर म्हणजे पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडचे कच्चे रस्ते, अधूनमधून कोकणातलं गाव. स्पर्धा वगैरे काही नाही.

एका मित्राचं म्हणणं, लॉकर टाकतोयस तर भोसरीत ईएन-२४ पोलादाचे शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) बनवून घे, नाहीतर पहिल्याच चिखलात तुटतील. दुसरा म्हणतो आधी ५.३८ची क्राउन-पिनियन टाक, शाफ्टचं नंतर बघू. तिसरा म्हणतो दोन्ही कर. त्याच्या बापाचं काय जातंय! बजेट एकाच कामाचं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तांबडी_माती

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दत्ताकाका आले की धागा पेटणार.

दत्ताकाका

आलो. पेटवत नाही, पण खरं ते बोलतो.

आधी गाडी जॅकवर घे आणि मागचं चाक हाताने आत-बाहेर हलवून बघ. चाल किती आहे? बेअरिंग गेलेलं असतं, शिम (पातळ चकत्या) कुणीतरी कधीतरी काढून टाकलेले असतात, हाऊसिंग एका बाजूने वाकलेलं असतं आणि मालक म्हणतो काका, मजबूत शाफ्ट टाका. वाकड्या हाऊसिंगमध्ये सोन्याचा शाफ्ट टाकलास तरी तुटणार. दर फेरीला तो थोडा वाकतो नि सरळ होतो, वाकतो नि सरळ होतो. एक दिवस कटकन जातो आणि तो दिवस बहुतेक डांबरी रस्त्यावर येतो, चिखलात नाही.

दुसरं. मागच्या शाफ्टला टेपर आणि चावीचा हब असेल (जुन्या जीपांना असायचा) तर तो हब काढून टेपर बघ. टेपरला ग्रीस लावून बसवणारे महाभाग आहेत. तिथे कोरडंच बसवायचं. नट भरपूर आवळायचा आणि स्प्लिट पिनची खाच जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत न्यायचा. हा नट ढिला राहिला की चावी कातरली जाते, टेपर खाल्ला जातो आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं, शाफ्ट कच्चा निघाला.

इतकं झाल्यावर मग ईएन-२४चं बोलू.

पीळ

दत्ताकाकांशी सहमत, पण धागाकर्त्याचा प्रश्न हिशेबाने सुटण्यासारखा आहे. थोडी आकडेमोड करतो, कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.

इंजिनचा टॉर्क धरू १२० न्यूटन-मीटर. पहिला गिअर समजा ४, ट्रान्सफर केसचा (फोर व्हीलची जास्तीची गिअरपेटी) लो २.४६, क्राउन-पिनियन ४.८८. गुणाकार केला की सुमारे ५,७५० न्यूटन-मीटर येतात. हा आकडा बघून लोक घाबरतात आणि जाडजूड शाफ्ट घ्यायला धावतात.

पण शाफ्टवर इंजिन देईल तेवढा टॉर्क येत नाही, जमीन पेलेल तेवढाच येतो. त्यापुढे चाक घसरतं. माणसं आणि सामान धरून गाडी १,५०० किलो धरा. चढावर त्यातलं ६५ टक्के मागे गेलं तर मागच्या एक्सलवर ९७५ किलो. कोरड्या कातळावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला आणि ३१ इंची टायरची दबलेली त्रिज्या ०.३७ मीटर, तर मागच्या पूर्ण एक्सलवर येऊ शकणारा टॉर्क सुमारे २,८०० न्यूटन-मीटर. टायर ३३चा केलात की तोच आकडा ३,००० होतो.

आता लॉकरचा मुद्दा. साधं डिफरन्शियल हा टॉर्क दोन्ही शाफ्टना समान वाटतं, म्हणजे प्रत्येकी १,४००. आणि एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही काहीच मिळत नाही. आपण अडकतो खरे, पण शाफ्ट सुरक्षित राहतो. लॉकर लावल्यावर एक चाक हवेत असताना जमिनीवरच्या चाकावर एक्सलचं सगळं वजन येतं आणि सगळे २,८०० त्या एकट्या शाफ्टमधून जातात. म्हणजे लॉकरने शाफ्टवरचा भार दुप्पट केला. टायरने जेमतेम सात टक्के वाढवला. चर्चा मात्र सगळीकडे टायरचीच होते.

चाकोरीबाहेर

पीळसाहेब, दंडवत. मग २,८०० पेलणारा शाफ्ट कुठला, तेही सांगून टाका.

पीळ

शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३३ मिमी व्यास आणि टी अवस्थेतलं (बाजारात हार्डन-टेंपर होऊनच येणारं) ईएन-२४ घेतलं तर यील्ड, म्हणजे ज्यापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण, ६८० मेगापास्कलच्या आसपास. पिळासाठी त्याचे ०.५७७ पट, म्हणजे ३९०. त्या हिशेबाने २,७००-२,८०० न्यूटन-मीटरला शाफ्टमध्ये कायमचा पीळ बसायला सुरुवात होते. म्हणजे अगदी काठावर. तेच मटेरियल नीट हार्डन-टेंपर करून यील्ड ११००ला नेलं तर ४,४०० मिळतात. आणि हे सगळं गुळगुळीत दांड्याचं. स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचा) मुळाशी व्यास कमी असतो, तिथे यातले पंधरा-वीस टक्के वजा करा.

नंदिनी_ही.ट्री.

नेमकं हेच लिहायला लॉगिन केलं. माझं सगळं आयुष्य चिंचवडला भट्टीसमोर गेलंय, म्हणून जरा लांबण लावते.

"ईएन-२४चा शाफ्ट" या वाक्याला तसा काही अर्थ नाही. ईएन-२४ हे मटेरियलचं नाव झालं. त्याच बारमधून निघालेला शाफ्ट मऊ राहू शकतो आणि काचेसारखा ठिसूळही होऊ शकतो. कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ भट्टीत बसतो. छोट्या वर्कशॉपमध्ये बार टी अवस्थेत विकत आणतात (तो कारखान्यातूनच हार्डन-टेंपर होऊन येतो), लेथवर उतरवतात, स्प्लाइन कापतात आणि तसाच देतात. नंतर उष्णता दिली तर शाफ्ट वाकतो, मग सरळ करा, ग्राइंड करा. ती कटकट कुणालाच नको असते. दिसायला चकाचक शाफ्ट मिळतो आणि तो पीळ यांनी लिहिलेल्या काठावरच्या आकड्यावर उभा असतो.

कंपनीचे शाफ्ट बहुतेक मध्यम कार्बनच्या पोलादाचे असतात, फोर्ज करून वर इंडक्शन हार्डनिंग केलेले. वरचा थर कडक, आतला गाभा मऊ. पिळाचा सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावरच येतो, म्हणून ही योजना स्वस्त असूनही फार हुशारीची आहे. असा सुस्थितीतला शाफ्ट हा भोसरीतल्या कच्च्या ईएन-२४पेक्षा सरस ठरू शकतो. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो.

बनवूनच घ्यायचा असेल तर वर्कशॉपला विचारा: कडकपणा किती एचआरसीपर्यंत (रॉकवेल, कडकपणाचं माप) नेणार, रिपोर्ट देणार का, आणि जिथे व्यास बदलतो तिथे त्रिज्या किती ठेवणार. शाफ्ट नेहमी कोपऱ्यात तुटतो. लेथवरच्या माणसाने टोकदार टूलने काटकोनात खांदा काढला की तिथे भेगेला आमंत्रण गेलंच. अजून एक, दांड्याचा मधला भाग स्प्लाइनच्या मुळाच्या व्यासापेक्षा जाड ठेवून काही फायदा नाही. उलट थोडा बारीक नि गुळगुळीत ठेवला तर पीळ पूर्ण लांबीभर वाटला जातो आणि झटका मधला दांडा पचवतो. जाड दांडा आणि बारीक स्प्लाइन असेल तर सगळं स्प्लाइनवर येतं.

तांबडी_माती

वाखूसा (वाचनखूण साठवली). ताई, तुमचा वेगळा धागा काढा.

गडी_कोल्लापूरचा

काय लावलंय रं हे पुण्याच्या मंडळींनी. हितं आमी ऊस भरलेल्या ट्रॉलीला जीप लावून वढतुय, कुणी ०.५७७नं गुणलं न्हाई अजून.

दत्ताकाका

@गडी, आणि मग दर गळीत हंगामात शाफ्ट घ्यायला कोण येतं माझ्याकडे?

गडी_कोल्लापूरचा

त्ये बी खरंच म्हणा.

घसरगुंडी

माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो. शाफ्ट मजबूत करूच नका.

साखळीत काहीतरी तुटणारच. प्रश्न एवढाच की काय तुटलेलं परवडतं. शाफ्ट मजबूत केलात की पुढचा नंबर क्राउन-पिनियनचा. शाफ्ट तुटला तर जंगलात तासाभरात बदलता येतो. पिनियनचा दात उडाला तर तो तेलात फिरतो, बेअरिंग खातो, क्राउन खातो, नशीब खराब असेल तर हाऊसिंग फोडतो, आणि गाडी ट्रकवर चढवून घरी आणावी लागते. आमच्या ग्रुपमध्ये एकाने महागडे शाफ्ट टाकले. पुढच्या पावसाळ्यात त्याची क्राउन गेली. ती बदलली तर ट्रान्सफर केसच्या आउटपुटचं बेअरिंग बोललं. तो आता ट्रेकिंगला जातो.

साधे शाफ्ट ठेवा, एक डावा एक उजवा गाडीत टाका, विषय संपला.

वाळवंटी

नमस्कार, मी ॲरिझोनात असतो. इकडचं थोडं सांगतो.

@घसरगुंडी, स्वस्त भाग फ्यूजसारखा आधी तुटू द्यायचा, हा तुमचा मुद्दा पुढच्या एक्सलला लागू आहे. तिथे क्रॉस (शाफ्टचा वळता सांधा) किंवा फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवणारा) हे स्वस्त फ्यूज आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की क्रॉसची ताकद झपाट्याने कमी होते आणि तोच आधी जातो. बदलायला सोपा. मागच्या एक्सलला मात्र तो सेमी-फ्लोटिंग असेल तर तुटलेला शाफ्ट म्हणजे चाक गाडीबाहेर! शाफ्टच चाकाला धरून असतो. उतारावर असं झालं तर तुमचा स्वस्त फ्यूज भलताच महागात पडेल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता. त्यात हब हाऊसिंगवर स्वतंत्र बसतो, तुटलेला शाफ्ट उपसून काढायचा आणि पुढची चाकं चालवून घरी यायचं. तुमच्या गाडीत यापैकी कुठला आहे, हे पाहिल्याशिवाय फ्यूजची गोष्ट करू नका.

व्यासाच्या घनाबद्दल पीळ यांनी लिहिलंय त्याला जोड: इकडे डाना-३० या एक्सलच्या २७ स्प्लाइनच्या शाफ्टचा व्यास १.१६ इंच, डाना-४४च्या ३० स्प्लाइनचा १.३१ आणि ३५ स्प्लाइनचा १.५०. पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलं की मटेरियल तेच ठेवूनही ताकद ४४ टक्के वाढते, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणखी ५० टक्के. म्हणून इथले लोक मटेरियलच्या आधी स्प्लाइन विचारतात.

आणि यूटामधल्या मोॲबच्या खडकावर भार वेगळा असतो. तिथला वालुकाश्म सँडपेपरसारखा पकडतो, चाक घसरतच नाही, भार सावकाश चढत जातो. तुमच्याकडे चिखल. मला वाटतं चिखल शाफ्टला जास्त दयाळू असावा.

गोंयचो_भाव

दयाळू? रे बाबा, एकदा ये हंगा पावसात!

गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज (गाड्यांची ऑफ-रोड स्पर्धा) होतं, ऐन पावसाळ्यात. ते बघायला गेलो की मी गाड्यांकडे कमी आणि सर्व्हिसच्या तंबूंकडे जास्त बघतो. काय तुटतंय ते तिथे कळतं. आमची तांबडी माती भिजली की साबण. चाक मोकळं गरागरा फिरतं, ड्रायव्हर रेस सोडत नाही, आणि अचानक त्या चिखलाखाली चिऱ्याचा दगड किंवा झाडाचं मूळ लागतं. गरगरणारं चाक, शाफ्ट, क्राउन, सगळ्याचा वेग एका क्षणात शून्य. शाफ्ट तेव्हा जातो.

पीळ

गोंयचो_भाव यांनी माझ्या हिशेबातली खरी उणी बाजू सांगितली. मी लिहिले ते २,८०० सावकाश चढणाऱ्या भाराचे. भार एकदम पडला तर ताण दुप्पट होतो, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं आहे. त्यात फिरत्या चाकाची साठलेली ऊर्जा धरली तर त्याहूनही वर. मोठं, जड टायर इथे नडतं: त्रिज्येमुळे सात टक्केच, पण वजनामुळे झटका बराच मोठा. तेव्हा टायरबद्दल वर जे उडवून लावल्यासारखं लिहिलं, ते कातळापुरतं वाचा.

गोंयचो_भाव

आणि एक. लोक अडकले की रिव्हर्स टाकून जोर लावतात. क्राउन-पिनियनच्या दाताची एक बाजू पुढे जाण्यासाठी बनवलेली असते, रिव्हर्समध्ये भार मागच्या बाजूवर जातो आणि ती बाजू कमजोर. पिनियनही घसरून वर चढायला बघतो. मी ऐकलेल्या बहुतेक क्राउन रिव्हर्समध्ये गेलेल्या. विंच लावा, माणसं लावा, रिव्हर्समध्ये झटके मारू नका.

वाळवंटी

+१. म्हणूनच साध्या कटची क्राउन पुढच्या एक्सलमध्ये वापरली तर ती पुढे जातानाच कमजोर बाजूवर चालते. पुढच्यासाठी उलट कटची, वरच्या पिनियनची हाऊसिंग्ज निघाली ती यामुळे.

सडा_आणि_फुलं

विषयाला सोडून आहे, पण लिहितेच. ज्या सड्यांवर (कातळी पठारांवर) तुम्ही "टेस्टिंग" करता तिथे पावसाळ्यात वीतभर मातीत जे उगवतं ते दुसरीकडे उगवत नाही. एका टायरचा चर वर्षानुवर्षं राहतो. शाफ्ट कुठलाही घाला, वाटेवरच राहा.

चाकोरीबाहेर

सहमत. आम्ही वाट सोडत नाही.

सडा_आणि_फुलं

आयडी बदला मग.

तांबडी_माती

आज धागा वसूल झाला.

कलम_कसाई

आरटीओचा विषय निघाला नाही अजून, म्हणून टाकतो. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२बद्दल निकाल दिलाय: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी नोंदवता येत नाही. शाफ्ट आणि क्राउन आत असतात, कुणी उघडून बघत नाही. ३३ इंची टायर मात्र चौकातल्या हवालदारालाही दिसतो. विम्याचा दावा करायची वेळ आली तर सर्व्हेअरलाही दिसतो.

नवा_भिडू

मध्येच विचारतो, राग नसावा. माझी जिम्नी आहे, १९५/८० आर-१५ टायर. एक साइज मोठा टाकला तर शाफ्ट बदलावे लागतील का?

दत्ताकाका

नाही. तेल बदल, मजा कर.

मधला_मार्ग

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी नीट बघितलं नाही: ४.८८ ठेवायची की ५.३८ करायची.

पूर्वी टायर २९ इंची होता. ३१ केलात की ४.८८ गाडीला ४.५७सारखी वाटेल. ३३ केलात तर ४.२९. १२० न्यूटन-मीटरच्या डिझेलला घाटात ४.२९ म्हणजे रडगाणं. ५.३८ टाकून ३१ इंच ठेवलात तर ५.०३, म्हणजे मूळपेक्षा किंचित जास्त जोर. ३३वर ४.७३, मूळच्या जवळ. विलीज एमबीला ४.८८ होती आणि सीजे ३बीला ५.३८, म्हणजे दोन्ही आकडे या घराण्यातलेच आहेत.

आता ताकद. दोन्ही जोड्यांत पिनियनला ८च दात. पण क्राउनचा व्यास तोच ठेवून ३९च्या जागी ४३ दात बसवायचे तर प्रत्येक दात बारीक होणार आणि पिनियनही साधारण दहा टक्क्यांनी बारीक. म्हणजे ५.३८ ही दाताला कमजोरच. मात्र चाकाला तेवढाच टॉर्क द्यायला प्रोपेलर शाफ्टला कमी पिळावं लागतं: २,८०० भागिले ४.८८ म्हणजे ५७४, भागिले ५.३८ म्हणजे ५२०. पिनियनमागचं सगळं, म्हणजे क्रॉस, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स, निवांत होतं.

आणि हे विसरू नका की बदलायची तर पुढची आणि मागची दोन्ही बदलावी लागेल. दोन्हीकडे वेगळं गुणोत्तर ठेवून फोर व्हील टाकलं तर कठीण जमिनीवर गाडी स्वतःशीच कुस्ती खेळते. खर्च दुप्पट धरा.

घसरगुंडी

मग ट्रान्सफर केसचा लो अजून खाली न्या ना. डांबरावर फरक नाही आणि चिखलात हवा तेवढा जोर. जिप्सीवाले तेच करतात.

मधला_मार्ग

जिप्सीला ते शोभतं. तिचा मूळ लो २.२६८, तोकडाच आहे. पण ट्रान्सफर केसमध्ये वाढवलेला टॉर्क प्रोपेलर शाफ्ट, पिनियन, क्राउन आणि शाफ्ट या सगळ्यांतून वाहत जातो. जेवढं चाकाजवळ गुणाल तेवढं मागचं वाचतं. युनिमॉगच्या पोर्टल एक्सलमध्ये शेवटची घट चाकाच्या हबमध्येच आहे, म्हणून आतले शाफ्ट बारीक असून चालतात. शिवाय आधी अडकायचं कारण तर शोधा: जोर कमी पडतो की पकड? चिखलात दहातल्या नऊ वेळा पकड कमी पडते.

घसरगुंडी

मान्य नाही, पण मुद्दा कळला. खूप खाली गिअर असला की माणूस हळू चालवतो. हळू चालवलं की झटका बसत नाही. हा फायदा तुमच्या भागाकारात येत नाही.

नंदिनी_ही.ट्री.

@घसरगुंडी, हे अगदी पटलं.

दत्ताकाका

क्राउन बदलायच्या गोष्टी करताय तर बसवायचं कोण, ते ठरवलंत का? ताकद निम्मी दातात, निम्मी बसवण्यात.

क्राउन आणि पिनियन ही जोडी असते, कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली. दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. जुन्या बाजारातून घेताना तो नंबर आधी बघा. जोडी फुटलेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका, आयुष्यभर गुरगुरेल.

आमच्या उस्तादांची पद्धत सांगतो. शेंदूर तेलात कालवायचा, घट्ट, पंचामृतासारखा पातळ नाही. ब्रशने क्राउनच्या चार-पाच दातांना लावायचा. एकाने क्राउनला लाकडाची फळी दाबून ओढ द्यायची, दुसऱ्याने पिनियन फिरवायचा, पुढे आणि मागे. मग टॉर्च मारून बघायचं. शेंदूर पुसला गेलेला चट्टा दाताच्या मधोमध हवा. वर टोकाकडे गेला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, शिम वाढव. खाली मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत गेलाय, शिम काढ. प्रत्येक वेळी बेअरिंग उपसायचं, शिम बदलायचा, पुन्हा दाबायचं. उस्ताद दुपारभर हे करायचे आणि मध्ये कुणी बोललं तर पाना फेकून मारायचे. बॅकलॅश (दातांमधली मोकळी चाल) डायल लावून ०.१३ ते ०.२५ मिमीच्या आत. अंदाजाने "जरा चाल ठेव" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. दाताच्या टोकावर भार आला की ईएन-२४, ईएन-३६, काहीही असो, टोक उडतंच.

बसवल्यावर पहिले सात-आठशे किलोमीटर शांत चालवायची. सुरुवातीच्या फेऱ्या छोट्या, मध्ये थांबून हाऊसिंग गार होऊ द्यायचं. मग तेल काढून नवीन जीएल-५ गिअर ऑइल भरायचं. पहिल्याच रविवारी मुळशीला नेऊन चिखलात घातली तर माझ्याकडे येऊ नका.

चाकोरीबाहेर

सगळ्यांचे आभार, कामं सोडून वाचतोय. काल जुने शाफ्ट उपसले. दत्ताकाकांनी सांगितलेलं सगळं तपासलं. हाऊसिंग सरळ आहे, टेपर स्वच्छ. उजव्या शाफ्टच्या आतल्या टोकाच्या स्प्लाइन मात्र सरळ नाहीत, किंचित तिरक्या गेल्यात. पट्टी धरली की दिसतं. डावा ठीक वाटतो. व्यास स्प्लाइनवर ३३.२ मिमी, ३० स्प्लाइन.

नंदिनी_ही.ट्री.

तिरक्या स्प्लाइन म्हणजे तो शाफ्ट कधीतरी यील्डच्या पुढे गेलाय. तुटला नाही एवढंच. तो परत घालू नका, घरी पहारीसारखा वापरा.

डावा शाफ्टही रॉकेल आणि खडूने तपासा. स्वच्छ पुसा, रॉकेलमध्ये ठेवा, पुन्हा कोरडा पुसा आणि खडूची पूड लावा. भेग असेल तर तिथे ओली रेघ उमटते. खात्रीचं हवं असेल तर चिंचवड-भोसरीत मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधणारी तपासणी) करून मिळतं, फार खर्च नाही. कधी शाफ्ट तुटलाच तर तुकडा फेकू नका. तोंडावर लाटांसारख्या रेघा दिसल्या तर तो महिनोन् महिने थकत थकत गेलाय. सपाट, पिळवटलेलं तोंड दिसलं तर एका झटक्यात.

पीळ

३० स्प्लाइन, ३३.२ मिमी. म्हणजे वाळवंटी यांचा १.३१ इंच. तुमच्या १,५०० किलोच्या गाडीला, ३१ इंची टायरला आणि लॉकरला हा आकार पुरेसा आहे, शाफ्ट नीट हार्डन केलेला असेल तर. ३३ नि चिखल हे दोन्ही आलं तर मी हार्डन-टेंपर ईएन-२४शिवाय जाणार नाही.

मधला_मार्ग

माझं मत: ३१वर थांबा, ४.८८ ठेवा. मागे दोन्ही नवे शाफ्ट, सगळी बेअरिंग आणि सील नवी, आणि उरलेल्या पैशात हातात बटण असलेला लॉकर, आपोआप लागणारा नको. हवा तेव्हाच लावला तर शाफ्टवर तो दुप्पट भार तेवढ्या दोन-चार मीटरपुरताच येतो.

घसरगुंडी

आणि एक जादा शाफ्ट गाडीत. हे तरी माझं ऐका.

चाकोरीबाहेर

ऐकतो. ३१, ४.८८, बटणाचा लॉकर. क्राउन-पिनियन तीच, पण दत्ताकाकांच्या शेंदराने तपासून. शाफ्ट कंपनीच्या पद्धतीचे फोर्ज केलेले मिळाले तर तेच, नाहीतर बनवून घेईन. नंदिनीताई, बनवायचे झाले तर वर्कशॉपला नेमकं काय लिहून देऊ?

नंदिनी_ही.ट्री.

डावा शाफ्ट नमुना म्हणून द्या, उजवा देऊ नका. त्याच्या तिरक्या स्प्लाइन मोजून तशाच कापून देणारे आहेत. खांद्याला कमीत कमी ३ मिमी त्रिज्या. हार्डन-टेंपर ३८ ते ४२ एचआरसी, रिपोर्टसह, आणि सोबत त्याच बारचा बोटभर तुकडा त्याच भट्टीतून काढलेला. तो माझ्याकडे पाठवा, कापून बघते.

दत्ताकाका

आणि शाफ्ट आले की हब ओढायचा पुलर माझ्याकडून ने. हातोडा मारून काढलास तर बेअरिंगचे पैसे वेगळे.